काळ्या मातीतून जळकं धान्य काढताना

जोर्वे काळातल्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या साधारण तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या वस्त्यांमधलं धान्य आपल्या हाती लागतं ते बहुतेक जळालं म्हणूनच. घोड नदीकाठच्या इनामगावातले जव, मसूर, कुळीथ असेच कोळसा होऊन उरले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या थरात न जळलेलं बी दिसलं तर ते मुंगीनं नाहीतर उंदरानं आत नेलेलं समजावं.

मी हे काम काळ्या मातीतच शिकलो. तिथली पहिली अडचण म्हणजे भेगा. उन्हाळ्यात जमीन फाटते आणि वरचं बी सरळ खालच्या थरात पडतं. म्हणून आधी खणलेल्या खड्ड्याची उभी बाजू (छेद) थापीनं खरवडून भेगा शोधतो आणि त्यांच्या लगतची माती घेतच नाही. चूल, राखेचा खड्डा, कणगीचा तळ, घराची जमीन, प्रत्येकाची माती वेगळी, साधारण 20 लिटर. पिशवीत एक चिठ्ठी आणि बाहेर एक, दोन्ही पेन्सिलीनं. शाई ओलीत पसरते.

माती सावलीत वाळवायची. ओल्या मातीचे गोळे फुटत नाहीत, आणि पाणी प्यायलेला कोळसा तरंगत नाही. चिकण फारच असेल तर पाण्यात खाण्याचा सोडा घालून रात्रभर भिजवतो. मग पाण्याच्या पिंपात माती हलक्या हातानं ढवळायची, जळके दाणे तरंगून वर येतात, आणि ते वरचं पाणी 0.3 मिलिमीटरच्या जाळीवर ओतायचं. इथं घाई झाली की जाळीत गाळ येतो. बुडालेला गाळ 1 मिलिमीटरच्या चाळणीत धुवावा. माशांची हाडं, मणी, गारगोटीचे बारीक छिलके त्यात सापडतात. कंटाळून तो फेकणारे मी पाहिलेत.

आपली पद्धत किती गळते हे बघायला जळकी खसखस मोजून 100 दाणे एका नमुन्यात मिसळतो. ते पुन्हा मोजून साठच आले, तर दोष मातीचा नाही, आपल्या हाताचा.

जाळीवरचं कापडात बांधून सावलीतच टांगायचं. उन्हात ठेवलं की दाणे तडकतात, आणि तडकलेला जव आणि गहू सूक्ष्मदर्शकाखालीही सहज वेगळे ओळखू येत नाहीत.

कार्बन तारखेसाठी, म्हणजे कार्बनवरून वय काढण्यासाठी, मी लाकडी कोळशापेक्षा दाणा निवडतो. तुळईचं लाकूड जळालं त्याच्या कितीतरी आधी वाढलेलं असतं. दाणा एकाच हंगामाचा. तो चिमट्यानं उचलून ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये ठेवायचा. कापसात कधीच नाही, त्याचे तंतू चिकटतात आणि तेही कार्बनच.