शीट तेवढीच राह्यते भाऊ

व्हॅक्यूम फॉर्मिंगचं काम घेऊन येणाऱ्या दहातल्या नऊ लोकांच्या डोक्यात डबा असतो इंजेक्शन मोल्डिंगचा. उभ्या भिंती, धारदार कोपरे, सगळीकडे सारखी जाडी. तिथं ते जमते कारण वितळलेलं प्लास्टिक दाबाने आत भरत राह्यते, आमच्याकडे मात्र प्लास्टिकची एक शीट, चारी बाजूंनी फ्रेममध्ये आवळलेली, ती हीटरखाली नरम करायची, साच्यावर आणायची अन् खालून हवा ओढायची, झालं. नवीन माल कुठूनच येत नाही. उलट्या मटक्यावर लांब पोळी टाकणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही, गोळा तेवढाच असला तर पोळी वाढली की पातळ होणारच.

यंदा शेंदुरजना घाटकडचे एक नर्सरीवाले काका आले. तिकडे संत्र्याच्या नर्सऱ्याच नर्सऱ्या, कलम बांधायला जंबेरीचं (एक प्रकारच्या लिंबाचं) रोप लागते, त्या रोपांसाठी ट्रे पाहिजे. खण ५ बाय ५ सेंटीमीटर, खोली १० आणि भिंती एकदम सरळ. "सोटमूळ खोल जाते ना बाप्पा, मंग खण खोलच पायजे. खाली बारीक काहून करतं?" मुळाबद्दल काका बरोबरच आहेत. पण हिशेब पाहा, तोंडाचं क्षेत्रफळ २५ चौरस सेंटीमीटर, अन् झाकायचं किती तर तळ २५ अधिक चार भिंती ५०-५० च्या, म्हणजे २२५. नऊपट! १ एमएमची शीट सरासरी ०.११ वर आली. आणि सरासरीवर तर जाऊच नका, शीट साच्याला जिथं आधी टेकते तिथं गार होऊन जाड राह्यते, सगळ्यात शेवटी पोचते ती तळाच्या कोपऱ्यात अन् तिथं उरतो निव्वळ पापुद्रा. ओलं कोकोपीट भरून ट्रे उचलला की खलास. वरून लाकडी प्लगने, म्हणजे ठोकळ्याने, शीट आधी ढकलून घेतली तर जाडी बरी वाटली जाते, पण नऊपटीला प्लग तरी काय करणार.

म्हणून मी गोल खण काढून दिला. तोंड ६ सेंटीमीटर, तळ ४, खोली ६. हे ताणणं पावणेचार-चारपटीत बसते, दीड एमएमची शीट घेतली की सरासरी ०.४ च्या आसपास राह्यते. तळाला चांगली गोलाई. भिंतीला साडेनऊ डिग्रीचा उतार आला, नुसता माल सोडवायला खोलगट साच्यात एवढा लागत नाही कारण गार होताना शीट आकसून भिंतीपासून सुटते (उंचवट्याच्या साच्यावर उलट, तिथं ती साच्यालाच आवळून बसते), पण ट्रे एकात एक रचायचे तर उतार कामी येतो. आतून उभ्या धारा टाकल्या, मुळं गोल फिरत नाहीत, खाली जातात. आडवी खाच मात्र नाही म्हणून सांगितलं, माल साच्यात अडकते. हवेची भोकं तळाच्या कडेलाच अन् बारीक, मोठी केली की शीट भोकात घुसून मालावर मुरूम उठते.

व्होल्टेजचं कुठल्या डिझाइनच्या पुस्तकात सापडणार नाही, पण गावात धंदा करायचा तर धरून चालावं लागते. संध्याकाळी २३० चं २०० झालं की हीटरची ताकद चोवीस टक्के कमी होते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाने घसरते. टायमर लावून बसणाऱ्याचा माल संध्याकाळी कोपऱ्यात भरतच नाही. आमचा पोरगा टायमर पाहतच नाही, शीट मधात किती झोल खाते ते पाहते.

अॅल्युमिनियमच्या साच्याला घाई नाही. आधी सुताराकडून सागवानाचा चार खणांचा साचा करून घेतो. हिप्स (पॉलिस्टायरीन प्लास्टिकचा एक प्रकार) शीट अर्ध्या टक्क्याच्या आसपास आकसते, म्हणजे ५० सेंटीमीटरच्या ट्रेमध्ये अडीच एमएम, तेवढं साच्यात आधीच वाढवून ठेवायचं, पीपी (पॉलिप्रॉपिलीन) घेतली तर तिप्पट धरा. काकांना खोली अजूनही कमीच वाटते. मी म्हटलं, हे चार खण घेऊन जा, जंबेरी लावून पाहा, अन् १० सेंटीमीटरच पाहिजे असेल तर सुटे इंजेक्शन मोल्डिंगचे रूट ट्रेनर, म्हणजे रोपांचे खोल कप, घ्या, ते काम आमच्या मशीनचं नाही.