खाद्यातली पुडी आतड्यात कुठे उघडते?

ब्रॉयलरची विष्ठा पातळ दिसू लागली की पहिला प्रश्न येतो, "खाद्यात काय घालू?" जे घालणार ते आतड्यात कुठवर पोचणार, हे फारसं कुणी विचारत नाही. दाणा चोचीतून आत गेल्यापासून विष्ठेवाटे बाहेर पडेपर्यंत साधारण चार-सहा तास जातात. या वाटेवर दर टप्प्याला पीएच (आम्लतेचं माप; आकडा कमी तितकं आम्ल जास्त) बदलतो आणि जिवाणूंची वस्तीही बदलते. म्हणूनच खाद्यात मिसळायच्या प्रत्येक पुडीची कामाची जागा ठरलेली असते.

ॲसिडिफायरचंच, म्हणजे खाद्यात-पाण्यात घालायच्या आम्लाचंच बघा. फॉर्मिक किंवा प्रोपियोनिक आम्ल जिवाणूच्या आत शिरतं ते अखंड रेणूच्या रूपात, आणि तो रेणू अखंड राहतो भोवतालचा पीएच कमी असेल तरच. अन्नपिशवीत पीएच ५ च्या आसपास असतो, गिझार्डमध्ये (दाणा दळणाऱ्या स्नायूच्या पोटात) त्याहून बराच खाली. तिथे साल्मोनेला आणि ई. कोलायला चाप बसतो. लहान आतड्यात पीएच ६ च्या वर गेला की आम्लाचा तो जोर संपतो, शिवाय बरंचसं आम्ल तोवर शोषलंही गेलेलं असतं. सीकामधल्या (आतड्याच्या शेवटाकडच्या दोन बंद पिशव्यांमधल्या) भानगडीसाठी साधं आम्ल वाढवत बसणं म्हणजे पैसे पाण्यात.

आम्ल पाण्यातून देणार असाल तर डोस बाटलीवरच्या मिलीलिटरवर ठरवू नका. पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल तर सांगितलेल्या मात्रेत पीएच जेमतेम हलतो. बादलीत १० लिटर पाणी घ्या, सिरिंजने १-१ मिली आम्ल टाकत ढवळा आणि दर वेळी पीएच मोजा. साडेपाच-सहाच्या आसपास आलं की थांबा. ४ च्या खाली गेलं तर पक्षी पाणी कमी पितात, आणि पाणी कमी झालं की खाणंही कमी होतं. मग शेवटच्या निपलचं (पक्षी चोचीने दाबून पितात त्या तोटीचं) पाणीही मोजून बघा. पाइपातला बुळबुळीत थर आम्लाने सुटतो आणि निपल तुंबतात, तेव्हा लाइन शेड रिकामी असतानाच हायड्रोजन पेरॉक्साइडने धुऊन घ्यावी. आणखी एक: आम्ल आणि क्लोरीनचं दाट द्रावण कधीच एका भांड्यात मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

ब्युटिरेट हे आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं इंधन. पण आवरण नसलेलं ब्युटिरेट वरच्या वर संपतं. चरबीचं आवरण असेल तर ती चरबी लहान आतड्यात पचते आणि माल तिथे सुटतो. लेबलवर मोठ्या अक्षरात काय लिहिलंय ते सोडा, आवरण आहे का आणि प्रत्यक्ष ब्युटिरेट किती टक्के ते वाचा.

प्रोबायोटिकमध्ये, म्हणजे उपयोगी जिवाणूंच्या पुडीत, जात महत्त्वाची. पेलेट बनवताना तापमान ८०-८५ अंशांपर्यंत जातं. बॅसिलसचे बीजाणू त्यातून तगतात, लॅक्टोबॅसिलस बहुतेक मरतात. ते द्यायचेच तर पाण्यातून, आणि त्या दिवशी पाण्यात क्लोरीन नको. पहिला आठवडा सोन्याचा, कारण पिल्लाचं आतडं तेव्हा जवळपास रिकामं असतं आणि आधी येईल तो जिवाणू जागा धरतो. एकीकडे अँटिबायोटिक, दुसरीकडे प्रोबायोटिक, हा हिशेब मात्र कळत नाही.

एन्झाइमची चूक जरा छुपी असते. फायटेज हे दाण्यातला अडकलेला फॉस्फरस सोडवणारं एन्झाइम; त्याच्या भरवशावर फॉर्म्युल्यातलं डीसीपी (फॉस्फरस देणारं डायकॅल्शियम फॉस्फेट) कमी केलं जातं. आवरण नसलेलं फायटेज पेलेटच्या उष्णतेत मेलं, की खाद्यात फॉस्फरस खरोखरच कमी पडतो. पिल्लं पायात लुळी पडतात आणि दोष कॅल्शियमला दिला जातो.

आता मुख्य दुखणं. नेक्रोटिक एन्टरायटिस, म्हणजे आतड्याचं अस्तर कुजवणारा रोग, साधारण दुसऱ्या ते पाचव्या आठवड्यात दिसतो. तो घडवणारा जिवाणू, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स, आतड्यात एरवीही असतोच. कॉक्सिडिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीने अस्तर फाडलं की रक्तातली प्रथिनं आत झिरपतात आणि त्याला आयती मेजवानी मिळते. फिशमील जास्त असेल किंवा सोयाबीन पेंड नीट भाजलेली नसेल तर न पचलेलं प्रथिन खाली उतरून हेच करतं. म्हणून पुडी निवडण्याआधी पक्षी उघडा. तासाभरात मेलेला, शक्यतो कमजोर निवडून मारलेला घ्या. जुन्या मेलेल्याचं आतडं सडून काहीही दाखवतं. कॉक्सिडियाची जात खुणेवरून कळते: आतड्याच्या सुरुवातीच्या वळणावर शिडीसारखे पांढरे पट्टे दिसले तर असर्व्ह्युलिना. बलकाच्या देठाच्या खुणेजवळ आतडं फुगलेलं आणि आत नारिंगी चिकट द्रव असेल तर मॅक्सिमा. सीकात रक्त म्हणजे टेनेला. आतली बाजू जुन्या टॉवेलसारखी खरखरीत, पिवळट-तपकिरी झाली असेल तर नेक्रोटिक एन्टरायटिस. तिथे पुडी पुरत नाही, पशुवैद्यकाचं औषध लागतं.

खाद्यात मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन ही कॉक्सिडियाविरोधी औषधं असतील तर टायाम्युलिन हे अँटिबायोटिक देऊ नका. टायाम्युलिनमुळे यकृतात ही औषधं मोडली जात नाहीत, ती अंगात साठतात. पक्षी पाय पसरून बसतात आणि मरतूक लागते. मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन घातलेलं खाद्य घोड्याच्या तोंडाला लागलं तर घोडाही दगावतो.

पक्ष्यांखालची गादी ओली म्हणजे आतडं बिघडलं असंही नाही. पाण्याचा मीटर बघा. बेताच्या हवेत १ किलो खाद्यामागे पावणेदोन-दोन लिटर पाणी जातं, उन्हाळ्यात जास्त. हवा थंड असून पाणी वाढलं असेल तर आधी खाद्यातलं मीठ तपासा. मीटरवर पाणी वाढलेलं आणि ओल फक्त निपलच्या रांगेखाली, तर निपल गळतोय किंवा त्याची उंची चुकली आहे.

शेवटी मिसळणं. टनाला २५० ग्रॅमची पुडी थेट मिक्सरमध्ये टाकली की एका पोत्यात दुप्पट, दुसऱ्यात शून्य. आधी १ किलो भरड्यात, मग १० किलोत हाताने मिसळा, आणि मिक्सर निम्मा भरल्यावर सोडा.