‘सरळ रूप द्या’ म्हणजे नेमके कोणते रूप?

पाठ्यपुस्तकांतील ‘सरळ रूप द्या’ ही सूचना मला नेहमीच अपुरी वाटत आली आहे, कारण कोणत्या कामासाठी सरळ, हे ती सांगत नाही.

क्ष² − ६क्ष + ५ ही वर्ग त्रिपदी घ्या. तिचे अवयव पाडले तर (क्ष − १)(क्ष − ५) हे रूप मिळते आणि वर्ग पूर्ण केला तर (क्ष − ३)² − ४. क्षची किंमत कोणतीही घेतली तरी तिन्ही रूपांचे उत्तर एकच येते; पण पहिल्यात क्ष = ० असतानाची किंमत ५ आयतीच दिसते, दुसऱ्यात राशी १ आणि ५ या किमतींना शून्य होते हे कळते, आणि तिसऱ्यात, वास्तव संख्येचा वर्ग ऋण असू शकत नसल्यामुळे, राशी −४ च्या खाली कधीच जाणार नाही व ती नीचतम किंमत क्ष = ३ असतानाच येईल, हे वेगळे काही न करता हाती लागते. हे तिसरे रूप मिळवण्यासाठी ९ मिळवून लगेच ९ वजा करायचे असतात. वरकरणी ही रिकामी उठाठेव वाटते, पण रूप बदलण्याच्या कितीतरी युक्त्या अखेर शून्य मिळवण्यावर किंवा एकने गुणण्यावरच येऊन ठेपतात.

एकने गुणण्याचे माझे आवडते उदाहरण √(म + १) − √म हे आहे. या राशीला √(म + १) + √म ने गुणून त्यानेच भागले की १ / (√(म + १) + √म) उरते. शाळेत छेदाचे परिमेयीकरण करायला, म्हणजे छेदातली करणी (वर्गमूळ असलेली संख्या) घालवायला शिकवतात. इथे करणी मुद्दाम छेदात ढकलली आहे. म = १०¹² घेऊन दहाच अंक धरून ठेवणाऱ्या कॅल्क्युलेटरवर मूळ वजाबाकी केली, तर दोन्ही वर्गमुळे १०००००० अशीच दिसतात आणि उत्तर शून्य येते; नवे रूप मात्र ०.००००००५ हे जवळजवळ अचूक उत्तर देते.

अर्थात सममूल्यतेलाही मर्यादा असते. (क्ष² − १) / (क्ष − १) ऐवजी क्ष + १ लिहिताना शेजारी ‘क्ष ≠ १’ लिहिलेच पाहिजे, कारण तिथे मूळ राशीला अर्थच नाही. त्याचप्रमाणे √(क्ष²) म्हणजे क्ष नव्हे; क्ष = −३ घेतल्यास उत्तर ३ येते.

रूप बदलल्यावर एखादी किंमत घालून पडताळा घेणे चांगले, मात्र एका ठिकाणी उत्तर जुळले म्हणजे राशी सममूल्य ठरत नाहीत. दोन वर्ग त्रिपदींची उत्तरे तीन वेगवेगळ्या किमतींना जुळली, तर मात्र त्या सर्वत्र जुळतात.