मदरबोर्ड बदलला की मालक बदलतो

मदरबोर्ड जळतो. नवा बसवला जातो, मशीन सुरू होतं. हार्ड डिस्क तीच, फाइल्स त्याच, डेस्कटॉपवरचा फोटो तोच, पासवर्डही तोच. फक्त उजव्या कोपऱ्यात खाली फिकट अक्षरं उमटलेली असतात: विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करा. समोर बसलेला माणूस तोच आहे, विकत घेतल्याची पावती फाइलला लावलेली आहे, पण सॉफ्टवेअरच्या लेखी हे कुणा तिऱ्हाइताचं मशीन. पैसे भरणाऱ्याला ते ओळखतच नाही. त्याचा सगळा घरोबा मदरबोर्डशी.

हा घरोबा, म्हणजे सॉफ्टवेअरला एका ठरावीक मशीनशी बांधणारं अ‍ॅक्टिव्हेशन, सुरू झाला २००१ साली, ऑफिस एक्सपी आणि विंडोज एक्सपी बाजारात आले तेव्हा. एक्सपी मशीनमधल्या दहा गोष्टींची नोंद घ्यायचं: डिस्प्ले, डिस्क जोडायचे स्कझी आणि आयडीई अ‍ॅडॉप्टर, नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस, रॅम साधारण किती, प्रोसेसरचा प्रकार, त्याचा सिरियल नंबर, हार्ड डिस्क, तिच्या व्हॉल्यूमचा (म्हणजे डिस्कवरच्या भागाचा) क्रमांक आणि सीडी ड्राइव्ह. यातला व्हॉल्यूमचा क्रमांक फॉरमॅट मारला की आपोआप बदलतो. म्हणजे स्क्रू ड्रायव्हरला हातही न लावता दहातली एक खूण गेलेली. नेटवर्क कार्डाला मात्र या हिशेबात जास्त वजन होतं. ते जागेवर असेल तर बाकीच्या बऱ्याच बदलांकडे काणाडोळा व्हायचा. अ‍ॅक्टिव्हेशनला मुदत ३० दिवसांची. ती उलटली की लॉगिनच बंद. इंटरनेट नसेल तर फोन करून ५० आकडे वाचून दाखवायचे आणि पलीकडून आलेले ४२ आकडे उतरवून घ्यायचे. पुढच्या आवृत्त्यांत हे आकडे वाढत गेले. विंडोज १० मध्ये वाचायचे ६३ आणि ऐकायचे ४८.

आकडे निदान आकडेच असतात. खरी परीक्षा असते ती लायसन्सबरोबर मिळणाऱ्या २५ अक्षरी ‘की’ची, आणि तीही लॅपटॉपच्या पोटाखालच्या झिजलेल्या स्टिकरवर छापलेली असेल तर. इथे एक गोष्ट माहीत असली की निम्मा मनस्ताप वाचतो. मायक्रोसॉफ्टच्या कीमध्ये सगळी मुळाक्षरं नसतात. विंडोज ७ पर्यंतच्या कीमध्ये फक्त २४ चिन्हं येतात: बी, सी, डी, एफ, जी, एच, जे, के, एम, पी, क्यू, आर, टी, व्ही, डब्ल्यू, एक्स, वाय आणि २, ३, ४, ६, ७, ८, ९. विंडोज ८ पासून त्यांत एनची भर पडली. तेव्हा स्टिकरवर गोल काही दिसलं तर ‘हा ओ की शून्य’ या वादात पडू नये, कारण दोन्ही नाहीत. तो क्यू, डी किंवा जी असणार. एस आणि ५ ही जोडीही नाही, आय, एल आणि १ हे त्रिकूटही नाही. २ आणि झेडमध्ये गोंधळ व्हायचा प्रश्न येत नाही, झेड नसतोच. पण बी आणि ८, जी आणि ६ या जोड्या मात्र खुशाल ठेवल्या आहेत. झिजलेल्या स्टिकरवर चूक होते ती नेमकी तिथेच.

शिक्षेचं स्वरूप मात्र वर्षागणिक सौम्य होत गेलं, हे मान्य करायला हवं. व्हिस्टा सुरुवातीला अ‍ॅक्टिव्हेट न झाल्यास तासभर ब्राउझर वापरू द्यायचं आणि मग बाहेर काढायचं. २००८ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकने ते थांबवलं आणि काळा वॉलपेपर आणि वारंवार टोमणे यांवर भागवलं. विंडोज १० आणि ११ तर जवळपास सगळं करू देतात. वॉलपेपर आणि रंग बदलायची सोय तेवढी काढून घेतात आणि कोपऱ्यातली ती ओळ कायम ठेवतात. काम अडत नाही. मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर केली की सगळ्यांचे डोळे मात्र त्या ओळीकडे जातात.

हे सौम्य होणं उगाच आलेलं नाही. ऑगस्ट २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या तपासणी सर्व्हरवर चाचणीतला कोड चुकून चढवला गेला आणि जवळपास १९ तास अस्सल विंडोजला नकली ठरवलं जात होतं. कंपनीच्या सांगण्यानुसार बारा हजारांच्या आत मशीन्स त्यात सापडली. व्हिस्टावाल्यांची एअरोची चकचकीत खिडकी आणि पेनड्राइव्हच्या मदतीने वेग वाढवणारं रेडीबूस्ट बंद पडलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये पुन्हा तसंच. विंडोज १० प्रो घेतलेल्या अनेकांना सांगितलं गेलं की तुमचं लायसन्स होमचं आहे. या दोन्ही वेळी क्रॅक मारून बसलेल्यांपैकी ज्यांनी तपासणीच काढून टाकली होती, त्यांना याचा पत्ताही नसणार. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच. याचा अर्थ क्रॅक शहाणपणाचा असा नव्हे. जे टूल चालवण्याआधी अँटीव्हायरस बंद करायला सांगतं, त्याने आपला हेतू पुरेसा स्पष्ट केलेला असतो.

आता मूळ दुखण्याकडे, मदरबोर्डकडे. पहिली गोष्ट ही बघायची की लायसन्स कोणत्या जातीचं आहे. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत ‘एसएलएमजीआर’ रोमन अक्षरांत लिहायचं, एक जागा सोडायची, तिरकी रेघ आणि ‘डीएलआय’. दोन-चार सेकंदांनी छोटी खिडकी उघडते. तिच्यात वर्णनाच्या ओळीत रिटेल (सुटं विकत घेतलेलं), ओईएम (मशीनबरोबर आलेलं) किंवा व्हॉल्यूम (कंपन्यांना घाऊक दिलेलं) यांपैकी एक शब्द असतो आणि कीची शेवटची पाच अक्षरं असतात. रिटेल असेल तर ते दुसऱ्या मशीनवर नेता येतं. ओईएम असेल तर ते ज्या मशीनबरोबर आलं त्याच्याबरोबरच जातं. ओईएमच्या पुढे डीएम दिसलं तर की स्टिकरवर नाही, मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्येच, कोरलेली आहे. विंडोज ८ पासूनच्या ब्रँडेड लॅपटॉपांचं असंच असतं. अशा लॅपटॉपचा बोर्ड वॉरंटीत बदलून मिळाला, तर सर्व्हिस सेंटरने नव्या बोर्डात की भरून द्यायला हवी. ती भरली आहे का, हे मशीन ताब्यात घेतानाच तिथल्या तिथे, अ‍ॅक्टिव्हेशनचं पान उघडून बघावं. घरी आल्यावर कळलं तर पुन्हा तोच फेरा.

विंडोज १० च्या १६०७ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, एक चांगली सोय झाली: डिजिटल लायसन्स मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडता येतं. सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर ‘डिजिटल लायसन्सने अ‍ॅक्टिव्हेट’ एवढंच लिहिलेलं असेल तर ते जोडलेलं नाही. ‘तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटशी जोडलेल्या’ हे शब्द हवेत. बोर्ड बदलल्यावर त्याच पानावर ट्रबलशूट करायचं, ‘या मशीनचं हार्डवेअर नुकतंच बदललं’ हा पर्याय घ्यायचा, साइन इन करायचं आणि यादीतून आपलं जुनं मशीन निवडायचं. इथे एक खोच आहे. यादीत नावं दिसतात ती विंडोजने स्वतःच ठेवलेली, ‘डेस्कटॉप’ आणि पुढे सात निरर्थक अक्षरं. घरात अशी तीन मशीन्स असतील तर जळालेलं कोणतं, ते कसं ओळखणार? म्हणून बोर्ड धड असतानाच मशीनला माणसाला कळेल असं नाव द्यावं. आणि हे सगळं बदलाच्या आधी करायचं असतं. बोर्ड जळाल्यावर अकाउंट जोडायला बसणं म्हणजे वरातीमागून घोडं.

नव्याने विंडोज टाकताना आणखी एक ठेच लागते. इन्स्टॉलर कोणती आवृत्ती टाकायची हे विचारतच नाही, थेट होम टाकून मोकळा होतो. कारण फर्मवेअरमधली होमची की त्याला आधीच सापडलेली असते. तुमच्याकडे रिटेल प्रो असेल तर ते असून नसल्यासारखं. उपाय साधा आहे: इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हमधल्या सोर्सेस फोल्डरात ‘ईआय’ नावाची, सीएफजी एक्स्टेन्शनची छोटी टेक्स्ट फाइल ठेवायची आणि तिच्यात चॅनल रिटेल असल्याचं लिहायचं. मग आवृत्त्यांची यादी समोर येते. विंडोज ७ ची जुनी की घालून आता नवं इन्स्टॉलेशन अ‍ॅक्टिव्हेट होईल या आशेवर मात्र राहू नये. तो दरवाजा मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केला. अधिकृत मोफत अपग्रेडची मुदत खरं तर २९ जुलै २०१६ लाच संपली होती, पुढची सात वर्षं दार नुसतं लोटलेलं होतं.

लायसन्स नीट, की बरोबर, नेट चालू, तरी अ‍ॅक्टिव्हेशन होत नाही, असं झालं तर तारीख बघावी. जुन्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल, तीन व्होल्टचा, नाण्याएवढा, संपला की घड्याळ काही वर्षं मागे जातं. सर्व्हरशी सुरक्षित जोडणी होताना प्रमाणपत्राची मुदत तपासली जाते. मशीनच्या मते ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नसतं. जोडणी तुटते, आणि स्क्रीनवर एरर येते ती सर्व्हर सापडत नसल्याची. माणूस राउटर बंद-चालू करत बसतो. ऑफिसच्या नेटवर्कवर हेच लक्षण दिसलं तर दोष प्रॉक्सीचा, म्हणजे इंटरनेटच्या वाटेवर बसवलेल्या मधल्या सर्व्हरचा, असू शकतो. तिथे मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून एकदा करून बघणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

ऑफिसच्या लॅपटॉपांचा प्रकार वेगळा. तिथे अ‍ॅक्टिव्हेशन कंपनीच्या आतल्या केएमएस सर्व्हरवरून होतं आणि ते टिकतं १८० दिवस. मशीन दर सात दिवसांनी नूतनीकरणाचा प्रयत्न करत असतं. सहा महिने व्हीपीएनला (घरून कंपनीच्या नेटवर्कात नेणाऱ्या जोडणीला) न जोडता घरून काम केलं, की लॅपटॉप एक दिवस अनोळखी होतो. व्हीपीएन लावून ‘एसएलएमजीआर’ आणि ‘एटीओ’ दिलं की पुन्हा ओळख पटते. त्या सर्व्हरचीही अट असते. किमान २५ मशीन्सनी दार ठोठावल्याशिवाय तो कुणालाच दाद देत नाही.

आणि हे सगळं विंडोजपुरतंच नाही. इंजिनिअरिंगच्या आणि डिझाइनच्या महागड्या सॉफ्टवेअरांना बहुतेकदा फ्लेक्सनेट या लायसन्स तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचं लायसन्स असतं, आणि त्याच्या संशयी स्वभावाला तोड नाही. फाइल बहुतेकदा मॅक अ‍ॅड्रेसशी बांधलेली. तो यूएसबी डॉकमधल्या नेटवर्क पोर्टचा दिला असेल, तर डॉक काढला की लायसन्स गेलं. वायफायचा दिला असेल आणि विंडोजमध्ये बदलता हार्डवेअर अ‍ॅड्रेस चालू असेल, तरी तेच. म्हणून लायसन्स मागतानाच मशीनच्या अंगच्या लॅन पोर्टचा अ‍ॅड्रेस द्यावा. त्याहून पीडादायक आहे -८८ ही एरर: ‘घड्याळ मागे फिरवलं आहे’. वापरणाऱ्याने घड्याळाला हात लावलेला नसतो. झालेलं असं असतं की कधी तरी तारीख चुकून पुढच्या वर्षात गेली, त्या काळात विंडोजच्या फोल्डरात काही फाइल्स तयार झाल्या आणि नंतर तारीख दुरुस्त झाली. फ्लेक्सनेटला भविष्यातल्या तारखेच्या फाइल्स सापडल्या, की चोरी पकडल्याचा आनंद. तारीख पुन्हा पुन्हा नीट करून काही होत नाही. त्या फाइल्स शोधून त्यांच्या तारखा आजच्या कराव्या लागतात.

डोंगल, म्हणजे मशीनला लावला तरच सॉफ्टवेअर चालू देणारा छोटा खुंटा, हा त्यातला जुना आणि तसा प्रामाणिक प्रकार. आधी प्रिंटरच्या पोर्टवर चढायचा, आता यूएसबीत बसतो. काम करता करता मध्येच ‘की सापडत नाही’ म्हणाला तर बहुतेक वेळा दोष वीज वाचवण्याच्या सेटिंगचा असतो. पॉवर ऑप्शन्समधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करायचं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये रूट हबच्या वीजबचतीवरची खूण काढायची आणि डोंगल हबमध्ये न लावता थेट मागच्या पोर्टात लावायचा. सेंटिनेल जातीचा असेल तर ब्राउझरमध्ये त्याच मशीनच्या १९४७ पोर्टवर त्याचं पान उघडतं. तिथे की दिसली तर डोंगल बरा आहे, तक्रार सॉफ्टवेअरकडे न्यायची.

जुन्या डिस्कवरच्या गेम्सचा निकाल तर केव्हाच लागला. सीडी अस्सल आहे का हे तपासणाऱ्या सेफडिस्कचा ड्रायव्हर सुरक्षेला धोका म्हणून विंडोज १० मध्ये २०१५ पासून चालतच नाही. अस्सल सीडी ड्राइव्हमध्ये फिरते आहे आणि गेम म्हणतो अस्सल सीडी घाला. अ‍ॅडोबीने सीएस२ या आपल्या जुन्या सॉफ्टवेअर संचाचे अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले तेव्हा निदान अ‍ॅक्टिव्हेशन न लागणारी प्रत आणि सिरियल नंबर देऊ केले. जानेवारी २०१३ मध्ये जगाने ती फुकट वाटप समजून लुटली, हा भाग वेगळा. असा शहाणपणा सगळे दाखवत नाहीत.

ज्या सॉफ्टवेअरचा सर्व्हर आज ना उद्या जाणार असं वाटतं, ते सर्व्हर जिवंत असताना व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे व्हीएमवेअरसारख्या सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी मशीनमध्ये, टाकून, तिथेच अ‍ॅक्टिव्हेट करून ठेवणं हा त्यातल्या त्यात खात्रीचा मार्ग, अर्थात लायसन्सच्या अटी परवानगी देत असतील तर. तिथला मदरबोर्ड जळत नाही आणि नेटवर्क कार्ड बदलत नाही. ते फोल्डर दुसऱ्या डिस्कवर नेऊन पहिल्यांदा उघडलं की व्हीएमवेअर विचारतं: हे मशीन हलवलं की कॉपी केलं? ‘हलवलं’ निवडायचं. ‘कॉपी केलं’ म्हटलं की ते मशीनला नवा ओळख क्रमांक आणि नवा मॅक अ‍ॅड्रेस देतं, आणि आतलं सॉफ्टवेअर पुन्हा २५ अक्षरं मागायला लागतं.