दिवे घाट आणि माझी सव्वाशे ग्रॅमची सॅक

पहिल्या वर्षी आळंदीहून निघताना मला माझ्या सॅकचा केवढा अभिमान होता म्हणून सांगू! घडी घातली की मुठीत मावणारी, स्वतःच्याच खिशात गुडूप होणारी, वजन फक्त सव्वाशे ग्रॅम. वारीत हलकं चालायचं असं जो तो सांगतो, मग याच्याहून हलकं काय असणार, एवढंच माझं गणित. मोठं सामान दिंडीच्या ट्रकमध्ये जातं, आपल्या पाठीवर फक्त दिवसभराचं. पाण्याच्या दोन बाटल्या, रेनकोट, पंचा, एक कोरडा मोज्यांचा जोड, गोळ्या-बँडेज, पॉवरबँक आणि हरिपाठाचं छोटं पुस्तक. ऐकायला काहीच नाही, पण नुसतं पाणीच दोन किलो होतं, सगळं मिळून चार किलोच्या आसपास गेलं.

पुण्यापर्यंत ठीक चाललं. पुणे ते सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा, तीस किलोमीटरच्या वर, त्यात एकादशीचा उपास आणि शेवटी शेवटी दिवे घाट. हडपसर मागे पडेपर्यंतच पट्ट्यांनी रंग दाखवला. पातळ कापडाची पट्टी, आत फोम नाही काही नाही, वजन पडलं की तिची गुंडाळी होऊन सुतळी झाली, आणि ती सुतळी दोन्ही खांद्यांत रुतत गेली. पाठीला आधार नसल्यामुळे सगळा ऐवज तळाशी गोळा होऊन कमरेखाली लोंबायला लागला, बाटलीचं बूच मणक्याला टोचायला लागलं, मी पंचा काढून पट्टीखाली घातला तर तो दर शंभर पावलांनी सरकून खाली. घाटात तर मी दोन्ही हातांनी पट्ट्या पुढे ओढून धरूनच चढले, टाळ्या वाजवायलासुद्धा हात मोकळा नाही! लोक म्हणतात घाटात माउलींचा रथ चढताना बघावा, मी खरं सांगते, अर्धा वेळ माझं लक्ष खांद्याकडे होतं.

सासवडला राहुटीत कुडता खांद्यावरून सरकवला तर दोन लाल वळ, एका ठिकाणी कातडी सोललेली. आमच्या दिंडीतल्या एका आजींनी खोबरेल लावलं आणि माझी सॅक दोन बोटांत धरून उजेडाकडे बघितली. म्हणाल्या, "अगं माउली, पट्टा चार बोटं रुंद पायजे. दोरीवर वझं घेतलं तर खांदा कापलाच." त्यांची स्वतःची पिशवी घरी शिवलेली, पट्टा जुन्या नऊवारीचा, चार पदरी करून आडव्या टाक्यांनी घट्ट शिवलेला, आणि पिशवी बरोबर कमरेच्या वर, पाठीला चिकटून. नंतर मी दुकानांतून जे काय बघत हिंडले त्याचं सार त्या टाक्यांत होतं, पण तेव्हा मी फक्त आई गं म्हणून कूस बदलली.

दुसऱ्या वर्षी शहाणी झाले. दुकानात जाताना घरून चार किलोच्या भरलेल्या बाटल्या नेल्या, जो कुडता घालून चालणार तोच घातला, आणि प्रत्येक सॅक भरून वीसवीस मिनिटं जिने चढले उतरले. रिकामी सॅक आरशासमोर घालून बघणं म्हणजे शुद्ध वेळ घालवणं, रिकामी असताना सगळ्याच छान वाटतात. पाठीचं मापही घेतलं. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी जे हाड वर येतं तिथून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेच्या रेषेपर्यंत. माझं ४१ सेंटीमीटर भरलं, उंचीवरून जे वाटतं त्याच्यापेक्षा कमी, म्हणून तर मला बऱ्याच सॅक ढुंगणावर आदळत होत्या. छोट्या सॅक बहुतेक एकाच मापात येतात, त्यामुळे पाठीला बसली नाही तर सोडायची, पट्ट्या ओढून ती मापात येत नाही. आम्हा बायकांनी अजून एक बघायचं, पट्टीचा आकार. सरळसोट पट्टी छातीवरून जाताना बगलेत घासते, थोडी वळणाची असली की बाजूनं निघून जाते.

साधारण १८ ते २० लिटर पुरते. मोठी घेतली की रिकामी जागा बघवत नाही आणि आपण काहीतरी कोंबतोच, माझा स्वभाव मला माहिती आहे.

जाळीच्या पाठीची सॅक मला फार मोहात पाडत होती, ती कमानीसारखी असते ना, पाठ आणि पिशवी यांच्यात वारा खेळतो म्हणतात. पण त्या कमानीला तारेची चौकट लागते, तिचं वजन आलं, आणि सामान पाठीपासून चार बोटं मागे गेलं की तेवढंच ते आपल्याला मागे ओढतं. पावसाळी दमटात कुडता तसाही ओलाच राहणार होता, मग साधी फोमची पाठ घेतली. सॅकचा वरचा भाग खांद्याकडे ओढून घ्यायच्या ज्या छोट्या पट्ट्या असतात त्या चौकट नसलेल्या मऊ सॅकवर नुसती शोभा. कमरेची पातळ फीत पण वजन पेलत नाही, पण फेकून देऊ नका, वेळापूरच्या अलीकडे उतारावर धावा असतो तिथे सगळी दिंडी पळते तेव्हा तीच सॅकला उडू देत नाही.

छातीवरच्या पट्ट्याबद्दल मात्र कोणी सांगत नाही. तो आवळून अभंग म्हणायला गेलं तर श्वास पुरत नाही! वरच्या सुराला छाती फुगायला जागा नको का. मी तो सैल करून थोडा खाली घेतला, भजन रंगलं की सरळ उघडायचे.

आणि बाजूचा खिसा. दिंडीत चालताना मध्येच थांबून सॅक उतरवायची सोयच नाही, मागची रांग टाचेवर येते. म्हणून दुकानात सॅक पाठीवर ठेवूनच बाटली काढून परत घालून बघितली, खिसा पुढच्या बाजूला तिरका कापलेला असला तरच हात पोचतो. चालता चालता नळीनं पाणी ओढून प्यायची पिशवी बरोबरच्या एकीनं आणलेली, तिसऱ्या दिवशी नळीला वास, राहुटीत ती घासणार कशी.

पावसाचं कव्हर मी विकत घेतलं आणि लोणंदच्या पुढे चांदोबाच्या लिंबाला रिंगण बघताना जी सर आली त्यात ते कव्हर जागच्या जागी आणि आतलं सगळं ओलं, कारण पाणी पाठीच्या बाजूनं, पट्ट्यांवरून ओघळत आत शिरतं. आता सगळं सामान आतच एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड पिळून दुमडलेलं. सगळ्यात हुशार आपल्या मावश्याच, डोक्यावरून प्लास्टिकचा कागद घेतला की माणूस आणि बोचकं दोन्ही कोरडं. आणि हो, घरी आल्यावर सॅक वाळवा. मी दमटच माळ्यावर टाकली होती, काढली तेव्हा कापडाचा आतला, पाणी अडवणारा लेप चिकट होऊन पांढरे पापुद्रे सुटत होते.

तर शेवटी जी घेतली ती ५६० ग्रॅमची, म्हणजे आधीच्या साडेचार पट. घरात सगळ्यांनी ऐकवलं. फरक काढला तर अर्धा लिटर पाण्याइतका पण नाही, आणि दिवे घाटात या वेळी दोन्ही हात मोकळे होते, रथ बघितला, फुगडी पण घातली.

आजी त्या वर्षी पण होत्या. सासवडला माझी सॅक मागून घेतली, पट्टीवर आपली चार बोटं ठेवून मापली, फोम दाबून बघितला, मान हलवली. मग जेजुरीच्या वाटेला लागताना आपली पाण्याची बाटली माझ्या मोकळ्या खिशात सारून म्हणाल्या, "पट्टा रुंद हाय आता, माझी बी राहू दे." वाखरीपर्यंत ती तिथेच होती, आणि माळशिरसनंतर तर त्यांची औषधाची पिशवी पण.