दहापैकी साडेनऊ

रविवार, रात्रीचे साडेदहा

आज माळा आवरायला काढला. काढला म्हणजे आईने काढायला लावला, दिवाळीला अजून महिना आहे पण तिचं म्हणणं, आज पाऊस उघडलाय तर घ्या उरकून. पितळेची दोन घमेली, माझी बारावीची जर्नलं, दांडा नसलेली छत्री (ही कोण जपून ठेवतं?) आणि सगळ्याच्या तळाशी एक शंभरपानी वही, कव्हरवर जांभळ्या स्केचपेनने लिहिलेलं "मते". सतराव्या वर्षी मला मते होती! आणि ती मी वेगळ्या वहीत ठेवायचे, पेपर तपासल्यासारखी, प्रत्येकाला दहापैकी मार्क. १९९३ ते ९५. शनिवारी संध्याकाळी दूरदर्शनवर लागणारे मराठी पिक्चर, वाचनालयातनं आणलेल्या कादंबऱ्या, बाबांच्या कॅसेटी, कुणालाच सोडलेलं नाही. लेक मोठ्याने वाचायला लागली आणि आवराआवर जी थांबली ती थांबलीच.

पहिल्याच पानावर खांडेकरांची 'ययाति', १०/१०. पुढची दोन पानं नुसती वाक्यं उतरवून काढलेली, त्यातली तीन लाल पेनने अधोरेखित. ती वाक्यं मी कुठे कुठे खपवली ते पण आठवतंय, मैत्रिणींच्या स्लॅमबुकात, निबंधात, एकदा तर एका मुलाला लिहिलेल्या (आणि कधीच न दिलेल्या) चिठ्ठीत. मागच्या वर्षी परत वाचायला घेतली तर ऐंशीएक पानांत दमले. माणसं बोलतच नाहीत त्यात, सुविचार सांगतात, जो बोलायला उभा राहील तो त्याच सुरात. आता खांडेकरांना १९७४ चं ज्ञानपीठ आहे, मराठीतलं पहिलं, तिथे मी कोण लागून गेले, पण वही माझी आहे तर मार्क पण माझेच: सहा. त्यातले दोन एकट्या शर्मिष्ठेचे.

त्याच पानाच्या तळाला विश्राम बेडेकरांची 'रणांगण', ४/१०, आणि शेरा काय तर "फार लहान. काहीच घडत नाही. बोटीवर बसून नुसतं बोलतात." लेक हसून हसून आडवी. काहीच घडत नाही काय! १९३९ सालचं पुस्तक, युरोपातनं परत येणारी बोट, एक मराठी तरुण आणि देश सुटलेली जर्मन ज्यू मुलगी हॅर्टा, मुंबई आली की त्याने उतरायचं आणि तिने पुढे जायचं. बस, एवढंच. पण सतराव्या वर्षी तोपर्यंत मला कुणाला सोडून कुठे उतरावंच लागलं नव्हतं तर कळणार काय कपाळ. दुसऱ्यांदा वाचली ती तिशीत, सोलापूरहून येताना गाडीत, पुणं आलं तरी वीसेक पानं उरलेली म्हणून स्टेशनवरच बाकड्यावर बसून संपवली. हा बाहेर स्कूटर घेऊन उभा, फोनवर फोन करतोय, आणि मी उचलतच नाहीये. बेडेकरांनी कादंबरी लिहिली ती एवढी एकच. एकच लिहायची तर अशी लिहावी. साडेनऊ, अर्धा माझ्या जुन्या शेऱ्याची लाज म्हणून मी राखून ठेवलाय, नंतर देईन.

'कोसला' ९/१०. हे मार्क माझे नाहीतच, हे चुलतभावाचे. दादा तेव्हा पुण्यात होस्टेलला होता आणि सुट्टीत घरी आला की प्रत्येक वाक्यात उदाहरणार्थ आणि वगैरे, काकूने "जेवायला चल" म्हटलं तरी "उदाहरणार्थ काय केलंय". त्याच्यासारखं बोलायचं होतं म्हणून मी नेमाडे वाचले. मेसचे आणि रूमवरचे किस्से शोधून शोधून वाचले आणि त्यातल्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मरणाची पानं चक्क उलटली, कारण दादाने ती कधी बोलून दाखवली नव्हती. नंतर वाचली ती पानं. त्यात गोष्ट सांगणाऱ्या पांडुरंगची टवाळी करणारी जीभच लुळी पडते, उदाहरणार्थ-वगैरे सगळं गळून पडतं, आणि मग लक्षात येतं की आधीचा सगळा आचरटपणा कशासाठी चाललाय. पंचवीस वर्षांचा माणूस हे १९६३ मध्ये लिहितो. नऊ तसेच ठेवले, पण ह्या वेळचे माझे स्वतःचे.

पिक्चरांचं तर विचारूच नका. 'सिंहासन' ५/१०, "नुसते फोन करतात." आता मी स्वतः एका ऑफिसात बावीस वर्षं काढल्यावर सांगते, राजकारण म्हणजे फोनच असतात. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरनं तेंडुलकरांनी पटकथा केली, आणि जब्बार पटेलांनी एवढे सगळे दिग्गज नट एका पिक्चरमध्ये कोंबले तरी कुणी कुणाच्या अंगावर येत नाही. निळूभाऊंचा (निळू फुल्यांचा) पत्रकार दिगू टिपणीस सगळं बघत असतो, लिहीत असतो, आणि शेवटी जो हसत सुटतो ना, ते मला तेव्हा विनोदी वाटलं होतं. वहीत तसं लिहिलंय पण. "शेवट विनोदी." बाई गं.

'जैत रे जैत' ला ६, "गाणी खूपच". हो आहेत खूप, मग? ठाकर आदिवासींची गोष्ट आहे, ढोल वाजवणाऱ्या नाग्याची, त्यात गाणी हीच बोली आहे. महानोरांचे शब्द, हृदयनाथांच्या चाली. 'मी रात टाकली' लागलं की मी अजूनही गॅस बारीक करते, कुकरच्या शिट्टीत ते वाया जाऊ नये म्हणून. आणि स्मिता पाटील त्यात दिसते कशी तर डोंगरातनंच उगवल्यासारखी, मेकअप केलाय की नाही असा प्रश्नच पडत नाही. तिला बघून आमच्या गल्लीतल्या सगळ्या मुली दोन दिवस कपाळावर मोठं कुंकू लावून फिरत होत्या, हे वहीत नाहीये पण मला माहितीये.

आणि 'अशी ही बनवाबनवी' ९.५/१०. अर्धा मार्क का कापला तर "मधेच लाइट गेली". हा एकच निकाल मी जसाच्या तसा कायम करते. पुढे मी पुण्यात खोली शोधत फिरले, लग्न झालंय का, नाही, मग नाही, असं चार दारांत ऐकलं, तेव्हा धनंजय माने आणि मंडळींनी साड्या का नेसल्या हे नीटच कळलं. मूळ गोष्ट १९६६ च्या एका हिंदी पिक्चरची आहे असं कळल्यावर नवरा म्हणाला, बघ, चोरलंय. म्हटलं असू दे, त्याच पिक्चरमधल्यासारखे सत्तर रुपये वारले तर आपलेच आहेत ना.

मग ते पान आलं. 'गीतरामायण', ३/१०, "रोज रोज काय तेच तेच". लेकीने माझ्याकडे बघितलं आणि आवाज खाली घेतला, आजी खाली होती म्हणून.

बाबा दाढी करताना लावायचे. स्वयंपाकघराच्या खिडकीत टेपरेकॉर्डर, शेजारी ॲल्युमिनियमच्या वाटीत गरम पाणी, आरसा खिळ्याला. बाबूजींची, म्हणजे सुधीर फडक्यांची, तान आली की वस्तरा गालापासून दोन बोटं लांब थांबायचा, तान संपली की पुढे. एवढ्या वेळात माझं अंघोळीचं पाणी निवायचं, तेवढ्यावरनं ते तीन मार्क. मला पुढची गाणी ऐकायची असायची, सेतू बांधतात ते वगैरे, ज्यात जरा ठेका आहे, तर मी फॉरवर्ड दाबायचे आणि बाबा फेस लावलेल्या तोंडाने म्हणायचे, "अगं राम अजून अयोध्येत आहे, तू लंकेकडे कुठे निघालीस?" फॉरवर्ड करून करून एकदा टेप गुंतली, ती पेन्सिल घालून त्यांनीच फिरवली, बोलले काही नाही.

त्यांचं कारण मला खूप उशिरा समजलं. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर ते सुरू झालं तेव्हा बाबा दहा वर्षांचे. घरात रेडिओ नव्हता, शेजारच्या काकांच्या ओट्यावर जाऊन बसायचे. दर आठवड्याला नवीन गाणं, वर्षभर, छप्पन्न गाणी. म्हणजे एकदा राम वनवासाला निघाला की तो पुढच्या आठवड्यापर्यंत वाटेतच, काही करता येत नाही, दहा वर्षांचा पोरगा शाळेत पण तेच डोक्यात घेऊन बसणार. त्या माणसाला तुम्ही फॉरवर्ड दाबून दाखवता!

बाबांना जाऊन चार वर्षं झाली. मध्यंतरी मी मोबाइलवर लावलं तर त्या ॲपने शफल करून आधी सेतू आणि मग रामजन्म वाजवला, मी गाडी बाजूला घेतली, पहिल्यापासून ओळीने लावलं आणि मग निघाले. 'पराधीन आहे जगती' येईपर्यंत घर आलंसुद्धा, खालीच बसून ऐकलं. भरत परत न्यायला आलाय आणि राम त्याला सांगतोय की यात दोष कुणाचाच नाही, ना आईचा ना वडिलांचा. गदिमांनी ते इतक्या साध्या शब्दांत लिहिलंय की सतराव्या वर्षी अवघड वाटलंच नाही, म्हणून भारी पण वाटलं नाही. तेव्हा मला अवघड तेच भारी वाटायचं. आता आठ देते. बाबांना दहा अपेक्षित असणार, पण काही गाणी मला अजूनही सारखीच वाटतात, खोटं कशाला बोलू.

जेवताना लेकीने सगळी वही आजीला वाचून दाखवली, तीन मार्कांचं पान सोडून. आई ताकाची वाटी खाली ठेवून म्हणाली, मला कुणी विचारलं नाही कधी. मग विचार की, म्हटलं. तर तिने थेट 'पिंजरा' काढला. १९७२ साल, नवीन लग्न, सासूबाईंना देवळात जाते सांगून दोघी जावा मॅटिनीला. "गाणी झकास, राम कदमांची. श्रीराम लागू पण झकास. पण तो मास्तर मूर्ख."

लेक म्हणाली का गं आजी, प्रेमात पडला म्हणून?

"पडू दे की प्रेमात. स्वतःच्याच खुनाच्या खटल्यात उभा राहतो आणि मी जिवंत आहे एवढं बोलत नाही. का, तर गावात मास्तरचं नाव खराब होऊ नये. नाव वाचवायला माणूस मारला. तेव्हा थेटरात सगळी रडत होती, मला तर रागच आलेला, पण जाऊबाई रडत होत्या म्हणून मीही पदर लावला डोळ्याला."

किती देशील, दहापैकी?

तिने जरा विचार केला. "सात. आणि एक इंटरव्हलच्या भज्यांना."

वहीत आता ती नोंद तिच्या नावाने घालून ठेवलीये, तारखेसकट. शिडी अजून पॅसेजमध्येच आहे, घमेली जिन्यात, उद्या सकाळी दूधवाला अडखळणार आणि बोलणी मला बसणार.