पाकोळ्यांचा कोट : तिरकी ओळ जुळली एकदाची

जुळल्या! काल रात्री पावणेबाराला मी शिवत असलेल्या कोटाच्या दोन्ही पुढच्या भागांवरच्या छापील पाकोळ्या चोचीला चोच लावून समोरासमोर आल्या. झोपलेल्या आईला उठवून दाखवलं. ती डोळे चोळत म्हणाली, "अगं, खरंच भेटल्यात की!"

ज्यांनी आधीचं वाचलंय त्यांच्यासाठी उजळणी थोडकीच. घानाची माझी मैत्रीण पुण्यात शिकते. तिनं सुट्टीवरून येताना आक्राच्या मकोला बाजारातून सहा वार वॅक्स, म्हणजे राळ छापून रंगवलेलं सुती कापड, आणलं. आपल्या सहावारीएवढंच. तिकडं पूर्ण नग बारा वारांचा आणि अर्धा सहाचा. मिठाच्या गार पाण्यात दोनदा धुतलं, तर पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं, एवढी खळ होती. २१६ इंचांचे २१२ झाले. पन्हा, म्हणजे रुंदी, ४६ इंच. गर्द निळ्यावर सायीच्या रंगाच्या पाकोळ्या, सगळ्या डावीकडं झेपावणाऱ्या. पाकोळ्यांच्या ह्या नक्षीला 'स्पीड बर्ड' म्हणतात आणि घानात तिचा अर्थ लावतात की पैशाला पंख असतात, आला तसा उडून जातो. त्याचा गुडघ्यापर्यंतचा प्रिन्सेस कट (पुढं-मागं उभ्या शिवणी घेऊन अंगाबरोबर बसवलेला) कोट करायचा, इथवर मागच्या वेळी ठरलं होतं.

आता गेल्या तीन आठवड्यांचं दुखणं.

पाठीचा भाग मी पाकोळ्यांच्या ओळीवर पट्टी ठेवून कापला. एवढी मोठी नक्षी पाठीवर तिरकी दिसली तर कुणालाही खटकेल, म्हणून ओळ सरळ धरली. कच्चा टाका घातला, रात्रभर हँगरला लावला. सकाळी बघते तर खालचा घेर एका अंगाला झुकलेला आणि डावी शिवण दीड इंच पुढं सरकून मांडीवर आलेली. उसवलं, परत घातलं, परत तेच. मुंढ्यात चूक असेल म्हणून मुंढा दोनदा तपासला. मांजरपाटावर तोच कागद ठेवून शिवलं, तर ते सरळ उतरलं. म्हणजे माप बरोबर होतं.

शेवटी मंगळवार पेठेतल्या टेलरमामांकडं गेले. त्यांनी कापड हातात घेतलं, चोळलं आणि विचारलं, "फाडून बघितलंस काय?" मी नाही म्हटलं. त्यांनी टोकाला कात्रीनं एक छोटी चीर दिली आणि टर्रकन आडवं फाडलं. फाडलेली कड म्हणजे कापडाचा खरा आडवा धागा. त्या कडेला डाव्या काठाशी अख्खी पाकोळी होती. पुढच्या पाकोळीची शेपटी तुटलेली, त्यापुढचीचा एक पंख गेलेला, आणि उजव्या काठापर्यंत जाता जाता त्या ओळीचं नुसतं डोकं राहिलेलं. टेप लावली : ४६ इंचांत सव्वादोन इंचांचा फरक. "छपाई फिरलीया," मामा म्हणाले. "तू चित्राच्या मागं गेलीस, धाग्याला इचारलंच न्हाईस. कापड शेवटी धाग्यावरच लोंबतं."

मग धागाच सरळ करायचा असं ठरवलं. आई एका कोपऱ्याला, मी तिरक्या समोरच्या कोपऱ्याला, गच्चीवर ओलं कापड ताणलं. ओलसर असतानाच इस्त्री फिरवली. सुंदर झालं! ओळ आणि धागा अगदी काटकोनात. तुकडा परत पाण्यात घातला, वाळवला, आणि तो पुन्हा जिथं होता तिथं. धुतल्यावर अंगावर फिरणारा कोट मला कुणालाच घालायचा नाही. तो नाद सोडला.

म्हणजे उरलं काय? धाग्यावर कापायचं आणि ओळ तिरकी सोसायची. पण मग समोरून बघितलं की सगळा थवा एका खांद्याकडं कललेला. दोन दिवस कात्रीला हात लावला नाही.

उत्तर दोरीवर सापडलं. पाऊस लागला म्हणून कापड गच्चीवरून गॅलरीत आणून वाळत टाकलं होतं. निम्मं दोरीच्या अलीकडं, निम्मं पलीकडं, आणि एक पदर मधेच उलटा झालेला. त्या पदरावरच्या पाकोळ्या उजवीकडं उडत होत्या. ओळही उलट्या अंगाला चढत होती. मी तिथंच उभी राहिले.

खऱ्या वॅक्सला उलट-सुलट नसतंच, दोन्ही बाजू सारख्याच, हे शिवणारे आपण सगळे जाणतो. जावाच्या बाटिकची नक्कल यंत्रावर करायला निघालेल्या डच लोकांनी राळ दोन्ही अंगांना छापायची पद्धत बसवली. मग कापड निळीत बुडतं, राळेखालचा भाग कोरा राहतो, आणि राळेला गेलेल्या तड्यांतून रंग झिरपून त्या बारीक निळ्या शिरा उमटतात. नेदरलँड्समधल्या हेल्मंडचा व्हिलिस्को हा वॅक्सचा कारखाना १८४६ पासून चालू आहे, घानातल्या टेमाचा जीटीपी कारखाना १९६६ पासूनचा. हे सगळं मला पाठ होतं. पण त्याचा कटिंगला उपयोग होतो हे कधी सुचलंच नव्हतं. समोरून बघताना उजवा दिसणारा भाग सुलट बाजूनं कापायचा, डावा भाग कापड पालटून. दोन्ही धाग्यावर. तिरकेपणा दोघांत सारखाच, पण एकमेकांच्या समोर. ओळी मध्यावर येऊन छपराच्या आढ्यासारख्या भेटतात आणि पाकोळ्या आपोआप समोरासमोर!

हे फक्त खऱ्या वॅक्सवर जमतं. मागं एका घाऊक दुकानातून 'आफ्रिकन प्रिंट' म्हणून घेतलेलं कापड काढून बघितलं : मागची बाजू फिकी, शिरासुद्धा नुसत्या छापलेल्या आणि प्रत्येक नक्षीत जिथल्या तिथं. त्याच्या पिशव्या शिवेन. घेताना मागची बाजू बघा, आणि दोन नक्ष्यांतल्या शिरा ताडून बघा. तंतोतंत सारख्या असल्या तर ठेवून या.

कापायची पद्धत सांगते. कापड एकेरीच पसरायचं, दुमडायचं नाही. खाका बटर पेपरवर काढला आणि उजवा भाग मांडल्यावर त्याखाली दिसणाऱ्या तीन पाकोळ्या पेन्सिलीनं कागदावरच गिरवल्या. मग कापड पालटलं, कागदही पालटला, आणि गिरवलेल्या पाकोळ्या खालच्या पाकोळ्यांवर बसेपर्यंत सरकवत राहिले. लक्षात ठेवायची गोष्ट : चोच शिवणीच्या रेषेवर आणायची, कापायच्या रेषेवर नाही. मधली अर्धा इंच माया (शिवणीसाठी सोडलेलं जादा कापड) विसरलात तर चोच आत गडप. फिरत्या चाकाचा कटर इथं कात्रीपेक्षा फार सरस, कापड उचललं जात नाही. टाचण्या फक्त मायेत, कारण ह्या घट्ट विणीत भोक राहतं. सोळा नंबरच्या सुईनंही राहिलं, चौदा नंबर लावल्यावर बंद झालं. अस्तराला इचलकरंजीचं पॉपलीन, त्यापुढं मला दुसरं काही आवडत नाही.

आता पाठ. पहिली वाया गेली. त्यातून खिसे आणि गळ्याची आतली पट्टी निघेल. नवी पाठ एकसंध करायची होती, पण एकसंध म्हटलं की कल पुन्हा एकाच अंगाला. म्हणजे मधे शिवण घ्यावी लागणार आणि तिथंही हीच पालटापालट. हे लिहितानाच सुचतंय : पाकोळ्या पाठीवर समोरासमोर आणण्याऐवजी शेपटीला शेपटी लावली तर? मध्यावरून दोन्ही कुशींकडं उडत निघतील आणि पुढं येऊन भेटतील. अख्खा थवा अंगाभोवती फिरेल! प्रिन्सेस कटच्या शिवणींवर ओळ टिकवायला हवी, पण ते जमेल. त्यासाठी डावी-उजवी पाठ आजच्या बेताच्या नेमकी उलट मांडायची, एवढंच. बरं झालं अजून कापली नाही.

मात्र कापड पुरत नाही. काल उरलेलं मोजलं, ११८ इंच. पाठीचे दोन भाग आणि बाजूच्या पट्ट्या झाल्या की बाह्यांना काही राहत नाही. बाह्या निळ्या खणाच्या करायचा विचार आहे. खणाचा पन्हा लहान असतो, बाहीला चालतो. कुणी वॅक्सला खण जोडला असेल तर सांगा, खण किती आटतो ते आधी बघायचंय.

आणि बटणं रद्द. काजं मारली तर दुसरं आणि चौथं बरोबर चोचीवर येतं. आतून हुक लावणार.